चुलीपासून ताटापर्यंत

(सामुदायिक रेडिओवरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)

शेतातून दमून आलेल्या, चुलीपुढं बसलेल्या, दळण निवडणाऱ्या, लेकराला मांडीवर घेऊन रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या जणींना आम्हा बचत गटाच्या ताईंचा नमस्कार.

आज आपण बोलणार आहोत जेवणाबद्दल. जेवण कसं करायचं ते तुम्हाला कुणी शिकवायला नको. शिजवलेलं जेवण आजारी न पाडता पोटात कसं जाईल, एवढंच बोलायचं आहे.

गटाच्या मीटिंगमध्ये आम्ही विचारतो, "जेवायच्या आधी हात धुता का?" सगळ्यांचे हात वर. "पाणी झाकून ठेवता का?" "ठेवतो की!" "शिळं खाऊ नये हे माहिती आहे का?" "ताई, हे काय विचारणं झालं!" आणि खरंच आहे. आशाताईंनी, अंगणवाडीताईंनी, टीव्हीनं इतकी वर्षं सांगितलंय, की माहिती घराघरांत पोचली आहे. गावातल्या बाईला माहिती आहे आणि शहरातल्या बाईलाही. तरी पावसाळा लागला की दवाखान्यापुढं जुलाब-उलट्यांची रांग लागतेच. मग अडतं कुठं?

आम्हाला वाटतं, अडतं ते चुलीपासून ताटापर्यंतच्या वाटेवर. चुलीवर रटरटलेली आमटी सहसा कुणाला आजारी पाडत नाही. ती खाली उतरल्यावर तिला तीन गोष्टी भेटतात: हात, पाणी आणि वेळ. आणि चुलीवर चढायच्या आधी एक गोष्ट भेटलेली असते, ती म्हणजे साठवण. बिघाड होतो तो या चार जागी.

हे किरकोळ नाही, बरं का. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली अंदाज मांडला, की खराब अन्नामुळं जगात दर वर्षी दहा माणसांतला एक जण आजारी पडतो आणि सुमारे ४ लाख २० हजार माणसं दगावतात. त्यांतली सव्वा लाख म्हणजे पाच वर्षांखालची लेकरं. मोठ्या माणसाचं दोन दिवसांच्या जुलाबावर भागतं. लहान लेकराच्या अंगातलं पाणी काही तासांत संपतं.

आधी हात

हात आपण धुतो, पण कधी आणि कशानं? जेवायच्या आधी नुसत्या पाण्यात बोटं बुडवली, की झाले हात धुऊन. शेण काढून आल्यावर हात धुतो, कारण शेण दिसतं. लहान बाळाची शी काढली की मात्र हात पदराला पुसून पुढच्या कामाला लागतो. "लेकराची शी, तिला कसली घाण!" असं आपल्या आयाही म्हणायच्या. पण जुलाबाचे जंतू बाळाच्या शीतही असतात, आणि त्याच हातानं पुढं कणीक मळली जाते.

तेव्हा साबण लागतोच. शी काढल्यावर, संडासहून आल्यावर, शेणात हात घातल्यावर, स्वयंपाकाला बसायच्या आधी आणि लेकराला भरवायच्या आधी. बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठा हे सगळं चोळून, सावकाश वीस आकडे मोजेपर्यंत. साबण संपला असेल तर चुलीतली स्वच्छ राख चालेल. माती नको, कारण मातीत जंतू असू शकतात.

आता तुम्ही म्हणाल, टँकर तीन दिवसांनी येतो, पाणी कुठून आणायचं? खरंय. म्हणूनच सांगतो, हात धुवायला बादलीभर पाणी लागत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुचाला तीन-चार भोकं पाडा, बाटली भरून मोरीच्या खिळ्याला उलटी टांगा, शेजारी जुन्या मोज्यात साबणाचे तुकडे बांधून ठेवा. अर्ध्या तांब्याहून कमी पाण्यात हात निघतात. साबण आणि पाणी नजरेसमोर टांगलेलं असलं की हात आपोआप तिकडं जातो. कपाटातल्या साबणाकडं कुणी जात नाही.

हाताबरोबर फडक्याचंही सांगायला हवं. एकच फडकं पातेलं उतरवायला, ओटा पुसायला, हात पुसायला आणि भाकरी झाकायला! शहरात फडक्याच्या जागी भांडी घासायचा ओला स्पंज असतो, एवढाच फरक. दोन फडकी वेगळी करा, रोज साबणानं धुवा, कडक उन्हात वाळवा. आणि ज्या बाईच्या हाताला पिकलेला फोड किंवा जखम आहे, जिला जुलाब लागलेत, तिनं त्या दिवसांत पंगतीचा स्वयंपाक करू नये. फोडातले जंतू जेवणात असं विष तयार करतात, की ते जेवण पुन्हा उकळलं तरी जात नाही. तिला चार दिवस दुसरं काम द्या. यात तिचा अपमान नाही.

मग पाणी

पाणी विहिरीपाशी चांगलं असलं तरी माठापाशी बिघडू शकतं. आपण हंडा घासतो, माठ झाकतो, आणि मग पाहुणा आला की गडू बोटांसकट माठात बुडवतो. आपल्या आजीकडं लांब दांड्याचं ओगराळं असायचं. ते उगीच नव्हतं. ते परत आणा, नाहीतर तोटीचा माठ घ्या.

पावसाळ्यात पाणी उकळून घ्या. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. सरपण किंवा गॅस परवडत नसेल, तर आरोग्य उपकेंद्रातून क्लोरीनचं औषध मिळतं ते घ्या, बाटलीवर लिहिलेल्या मापानं पाण्यात टाका आणि अर्धा तास थांबून मगच प्या. हा अर्धा तास चुकवला तर औषध टाकून काही उपयोग नाही.

आणि एक काम घरात बसून होत नाही, ते ग्रामसंघानं मिळून करायचं आहे. गावच्या टाकीत किंवा विहिरीत टीसीएल पावडर टाकायला ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक असतात. पावडर टाकली का, हे ओटी टेस्टनं कळतं. पाण्यात थेंब टाकल्यावर ते पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे. पाण्याच्या साधनांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाला कुठलं कार्ड आहे, किती जणींना माहिती आहे? जलजीवन मिशनमध्ये तर गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. जंतू तपासायची एक छोटी बाटली असते. तिच्यात पाणी भरून ठेवलं आणि ते काळं पडलं, तर समजायचं की पाण्यात घाण मिसळली आहे. त्या पाच बाया आपल्या गटांतल्याच असाव्यात आणि ते किट कपाटात धूळ खात पडू नये, हे ग्रामसभेत आपणच विचारायचं.

पाण्याचं दुखणं फक्त गावाचं आहे असं समजू नका. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन बॅरे सिंड्रोम या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. धडधाकट माणसांच्या हातापायांतलं बळ गेलं, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं, काही दगावले. काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला. हा जंतू दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून पोटात जातो. नळ घरात आला म्हणून पाणी निर्धोक झालं असं नाही.

तिसरी गोष्ट वेळ

हे आपल्याला गटाच्या हिशोबानंच चांगलं समजेल. व्याजावर व्याज चढलं की कर्ज कसं फुगतं हे आपण सगळ्या जाणतो. जंतूंचंही तसंच आहे. ऊब आणि ओल मिळाली की काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार. रात्री नऊ वाजता भातात एक जंतू असेल, तर याच हिशोबानं पहाटे चारपर्यंत वीस लाखांच्या वर जातात. म्हणून तज्ज्ञ सांगतात, शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. गरम असेल तर वाफाळतं गरम, थंड असेल तर फ्रिजमधलं थंड. मधलं कोमट सगळ्यांत वाईट. कडक उन्हाळ्यात तर दोन तासही जास्तच.

यात भाताची गोष्ट निराळी आहे. तांदळात एका जंतूची बीजं असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट पडून राहिला की ती जागी होतात आणि विष तयार करतात. सकाळी त्या भाताला फोडणी दिली तर जंतू मरतील, पण ते विष उष्णतेनंही जात नाही. फोडणीचा भात आपल्या सगळ्यांच्या आवडीचा, आम्हाला ठाऊक आहे. पण तो रात्रभर पातेल्यात राहिलेल्या भाताचा नको. रात्री भात मापानं लावा. उरलाच आणि घरात फ्रिज असेल, तर ताटात पसरून लवकर निववा, दोन तासांच्या आत डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चटका बसेल इतका गरम करून एकदाच वापरा. फ्रिज नसेल तर उरलेला भात जनावराला.

भाकरीचं तसं नाही. ती कोरडी. भाकरी, चटणी, कांदा ही शेतावरची शिदोरी आपल्या आज्या-पणज्यांनी विचार करूनच ठरवली असणार. कोरड्यात, तिखट-मिठात, आंबटात जंतूंना वाढायला जड जातं. म्हणून दुपारपर्यंत शेतात राहणार असेल तर भाकरी-चटणी न्या; वरण-भात घरीच खा.

आता एक अवघड गोष्ट बोलू. घरात उरलेलं शिळं कोण खातं? नवऱ्याला ताजं, लेकरांना ताजं, सासू-सासऱ्यांना ताजं. आणि कालची भाजी, परवाची आमटी ही घरच्या बाईच्या ताटात. तिला कुणी सांगितलेलं नसतं. अन्न टाकू नये हे बाळपणापासून मनात भरलेलं असतं, म्हणून ती स्वतःच आपल्या पोटाचा डबा करते. मैत्रिणींनो, अन्नाचा मान राखायचा तर ते मोजून शिजवून राखायचा, आंबलेलं पोटात ढकलून नाही. मूठभर भात वाचवायला गेलो आणि सलाइन लावावं लागलं, तर दवाखान्याचा खर्च वेगळा आणि बुडालेला रोज वेगळा. शिवाय त्या दोन दिवसांत घर कोण बघणार? सगळे एका वेळी जेवायला बसलात तर किती लागतं याचा अंदाजही येतो आणि बाईच्या वाट्याला ताजं येतं. आज रात्री एवढं करून बघा.

शहरातल्या बहिणींचं काय?

आपल्या लेकी-बहिणी पुण्या-मुंबईला आहेत. त्यांच्याकडं नळ आहे, ओटा आहे, फ्रिज आहे. त्यांची अडचण वेगळी: फ्रिजवर भरवसा फार. फ्रिज म्हणजे जंतूंची तुरुंगकोठडी. ते तिथं मरत नाहीत, नुसते मंदावतात. आठवड्याची कणीक, चार दिवसांची भाजी, वरच्या कप्प्यात कच्ची कोंबडी आणि तिचं पाणी खालच्या कोथिंबिरीवर! कच्चं मांस नेहमी झाकून, सगळ्यांत खालच्या कप्प्यात. त्याची सुरी आणि पाट वेगळा, नाहीतर साबणानं धुतल्याशिवाय त्यावर कांदा-टोमॅटो चिरायचा नाही. कोंबडी पूर्ण शिजलेली हवी, हाडाजवळ लाल दिसता कामा नये.

फ्रिज आता गावातही आलाय, पण लाइटचं काय? लाइट गेल्यावर दार उघडलं नाही तर साधारण चार तास थंडावा टिकतो. रात्रभर लाइट नसेल तर सकाळी दूध-भाजीचा भरवसा धरू नका. वास आला नाही म्हणून चांगलं, असंही नाही. पोट बिघडवणाऱ्या पुष्कळ जंतूंना वासच नसतो.

म्हणजे बघा, गावात पाणी आणि हात सांभाळायचे, शहरात फ्रिज आणि पाट. माहिती दोन्हीकडं सारखीच आहे. नडतं ते रोजच्या वापरातलं.

शेवटची जागा साठवण

आपल्याकडं एकादशी, नवरात्र, महाशिवरात्र आली की भगरीतून विषबाधा झाल्याची बातमी येतेच. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाणा गावी सप्ताहाच्या प्रसादातून शेकडो माणसांना बाधा झाली. दवाखान्यात जागा पुरेना, तेव्हा झाडांना दोर बांधून, त्यावर सलाइनच्या बाटल्या लटकवून उपचार करावे लागले. प्रसाद भगर-आमटीचा होता.

भगर वाईट नाही. पण तिला ओल लागली की बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष शिजवूनही जात नाही. पीठ तर हवेतली ओल आणखी लवकर ओढतं. म्हणून सुटी भगर आणि तयार पीठ घेऊ नका. पाकिटावर तारीख बघून घ्या, निवडा, धुवा, आणि पीठ लागलंच तर त्या दिवसापुरतं घरी दळा. गेल्या उपासाची उरलेली भगर या उपासाला नको. शेंगदाण्याचंही तेच. काळा, सुरकुतलेला, कडवट लागणारा दाणा भाजला तरी त्यातलं विष राहतं आणि ते लिव्हरला मारतं. असे दाणे निवडून फेका, कुटात घालू नका.

आणि शेतीच्या औषधाचा डबा! १६ जुलै २०१३ रोजी बिहारमध्ये, सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ लेकरं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं होतं. औषधाचा रिकामा डबा कितीही मजबूत असो, कितीही धुतलेला असो, घरात येता कामा नये. भोक पाडून, चेपून टाकायचा. आपल्या कितीतरी गटांच्या बाया शाळेत पोषण आहार शिजवतात. त्यांनी आणि शिक्षकांनी आधी चव घेऊन मगच लेकरांना वाढायचं, हा नियम म्हणूनच आहे. तेलाला वेगळा वास, वेगळी चव आली तर थांबायचं. "आजचं जेवण उशिरा झालं तरी चालेल, पण हे वाढणार नाही," असं ठामपणे म्हणायचं.

जे गट पंगतीच्या ऑर्डरी घेतात, पापड, शेवया, मसाले करून विकतात, त्यांच्यासाठी ही सगळी सवय म्हणजे भांडवलच आहे. अन्नाच्या छोट्या धंद्यालाही नोंदणी लागते आणि तिचा चौदा आकडी नंबर पाकिटावर यावा लागतो. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गिऱ्हाईक आधी पाकीट उलटं करून तारीख बघतं, भाव मग विचारतं. एका पंगतीत बाधा झाली तर पाच वर्षांत कमावलेलं गटाचं नाव एका दिवसात जातं.

एवढं करूनही जुलाब लागले तर?

लेकराचं पाणी, दूध बंद करू नका. हे जुनं मत घातक आहे. आईचं दूध पीत असेल तर पाजत राहा. ओआरएसचं पाकीट आशाताईंकडं मिळतं. पाकिटावर लिहिलं असेल तितक्या स्वच्छ पाण्यात सगळं पाकीट विरघळवा. सध्याच्या मोठ्या पाकिटाला एक लिटर लागतं. घोट घोट, चमच्या चमच्यानं पाजत राहा. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ त्याहून जास्त होऊ देऊ नका. १९७१ साली बांगलादेशाच्या लढाईच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्यावर असंख्य जीव वाचवले. त्याबरोबर झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब थांबले तरीही. आणि शीत रक्त दिसलं, डोळे खोल गेले, लेकरू मलूल पडलं, पाणीही पिईना किंवा सारखी उलटी करू लागलं, तर घरी थांबू नका. दवाखाना गाठा.

मैत्रिणींनो, आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे. मीटिंगच्या वहीत बचत, कर्ज, हप्ता लिहितो, तशी या महिन्यात तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. आपल्यातल्या किती जणींच्या मोरीपाशी साबण टांगलेला आहे? किती जणींच्या माठाला ओगराळं किंवा तोटी आहे? आणि या आठवड्यात शिळं कुणी खाल्लं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं द्या. पुढच्या महिन्यात तेच तीन प्रश्न पुन्हा विचारा आणि आकडे हलले का बघा. हलले नाहीत तर कुणाला रागवू नका. तिच्या घरी जा आणि बाटली टांगायला तिला मदत करा.

आणि घरातल्या माणसांनाही हे ऐकवा. हात एकट्या बाईचेच धुऊन भागत नाही, आणि पाण्याचा हंडा भरण्याचं, माठ घासण्याचं काम पुरुषांनाही येतं.

तुमच्या गावात काय जमलं, काय अडलं, ते गटाच्या ताईंजवळ लिहून द्या. आपण पुढच्या वेळी त्यावरच बोलू. तोपर्यंत ताजं खा, वेळेवर खा, आणि सगळ्यांबरोबर बसून खा. नमस्कार!